प्लास्टिकची बाटली, गोड पाणी आणि गॅमा किरण

किरणोत्सर्ग दिला तर प्राणी आधी शिकलेलं विसरतो का? प्रश्न ऐकायला सोपा आहे. प्राण्याला काहीतरी शिकवा, किरण द्या, पुन्हा परीक्षा घ्या, गुण कमी आले तर 'हो' लिहा. पेटच्या तयारीत 'पूर्व-चाचणी, उपचार, उत्तर-चाचणी' असा जो आराखडा आपण घोकतो, तोच हा. पण या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला तर लक्षात येतं की चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांनी तो अनेक वर्षं विचारला आणि सर्वात मोलाचं जे हाती लागलं ते भलत्याच ठिकाणी होतं. उंदराच्या पाण्याच्या बाटलीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. राँटगेनला क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९६ साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान तार्खानोव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं बेडकांवर आणि कीटकांवर क्ष-किरण सोडून पाहिले. त्याचं म्हणणं असं की हे किरण नुसते फोटो काढत नाहीत, जिवाच्या मज्जासंस्थेवरही काहीतरी करतात. पुढे १९३० च्या दशकात मिखाईल नेमेनोव्ह यानं पावलोव्हच्या पद्धतीनं शिकवलेल्या कुत्र्यांच्या डोक्यावर किरण दिले आणि त्यांच्या लाळेच्या अभिसंधित प्रतिक्रिया बदलतात असं मांडलं. म्हणजे रशियात 'किरणांचा मेंदूवर परिणाम होतो' हे जवळपास गृहीतच धरलेलं होतं.

पश्चिमेकडे वारं उलटं होतं. १९०६ मध्ये बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी एक नियम मांडला होता. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरणांचा फटका जास्त बसतो, ज्या विभागत नाहीत त्यांना कमी. प्रौढ मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून मेंदू किरणांना दाद देत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. अस्थिमज्जा मरेल, आतड्याचं अस्तर गळेल, पण डोकं शाबूत राहील. दोन्ही बाजूंकडे आकडे होते आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचे आकडे पटत नव्हते. शीतयुद्ध सुरू झाल्यावर या वादाला राजकारणाचाही रंग चढला, पण तो आजचा विषय नाही.

१९४६ च्या जुलैमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटांवर अणुचाचण्या केल्या. किरणोत्सर्गानं माखलेली जहाजं धुवायची कशी आणि खलाशांवर काय परिणाम होईल, या काळजीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट गोदीत नौदलाची किरणोत्सर्ग संरक्षण प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन गार्सिया नावाचा एक माणूस कामाला लागला. जन्म १९१७ चा, स्पेनहून आलेल्या शेतमजूर कुटुंबातला. त्यानं आधी मेकॅनिकचं काम केलं, जहाजाच्या गोदीत काम केलं, महायुद्धात वैमानिक व्हायला गेला तर विमानात मळमळायचं. नंतर बर्कलेला शिकला, पण पीएचडी अर्धवट टाकून या प्रयोगशाळेत आला. ती पीएचडी त्याला मिळाली १९६५ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास. (आपल्यापैकी ज्यांना 'तिशी आली, आता कसलं रजिस्ट्रेशन' असं ऐकावं लागतं, त्यांनी हा आकडा लिहून ठेवायला हरकत नाही.)

प्रयोगशाळेतलं नेहमीचं काम असं होतं: उंदरांना एका कप्प्यात ठेवायचं, कमी तीव्रतेचे गॅमा किरण काही तास द्यायचे, मग पुन्हा नेहमीच्या पिंजऱ्यात न्यायचं. काही आठवड्यांनी एक गोष्ट दिसली. किरणांच्या कप्प्यात उंदीर दर वेळी आधीपेक्षा कमी पाणी पीत होते. पिंजऱ्यात परत नेलं की नीट पीत होते. किरणांमुळे ते आजारी आणि मलूल झाले असते, तर दोन्हीकडे कमी प्यायला हवे होते. किरण त्या वेळी चालू आहेत म्हणून पीत नसतील म्हणावं, तर किरण बंद ठेवून कप्प्यात ठेवलेले उंदीरही पाण्याकडे पाठ फिरवत होते.

दोन ठिकाणांत फरक काय, हे शोधताना लक्ष गेलं बाटल्यांकडे. पिंजऱ्यात काचेच्या बाटल्या होत्या, किरणांच्या कप्प्यात प्लास्टिकच्या. प्लास्टिकच्या बाटलीतल्या पाण्याला किंचित वेगळी चव येते. उन्हाळ्यात एसटीच्या प्रवासात तापलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. उंदरांनी त्या चवीचा आणि नंतर येणाऱ्या मळमळीचा संबंध जोडला होता.

आता इथे थांबून विचार करा. प्रयोगाचा स्वतंत्र चल होता किरणांची मात्रा. बाटली हा चल नव्हताच, ती स्टोअरमधून आलेली वस्तू होती. आराखड्याच्या कागदावर तिचा उल्लेखही करावासा कोणाला वाटला नसता. आपण 'बाह्य चलांचं नियंत्रण' असं उत्तरपत्रिकेत लिहितो, ते प्रत्यक्षात इतकं क्षुल्लक दिसत असतं.

गार्सियानं हा संशय नीट तपासायचं ठरवलं. डोनाल्ड किमेलडॉर्फ आणि रॉबर्ट कोलिंग यांच्यासोबतचा हा शोधनिबंध १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला, जेमतेम दोन पानांचा. बाटलीच्या अस्पष्ट चवीऐवजी त्यांनी सॅकरिनचं गोड पाणी घेतलं. उंदरांना ते मुळात आवडतं. काही उंदरांना गोड पाणी पीत असताना सहा तासांत मिळून ३० राँटगेन, काहींना ५७ राँटगेन गॅमा किरण दिले. एका गटाला सगळं तसंच, फक्त किरण नाहीत. नंतर साधं आणि गोड पाणी शेजारी ठेवून निवड करू दिली. किरण न मिळालेले उंदीर गोडाकडे गेले. किरण मिळालेले गोडापासून दूर राहिले, आणि मात्रा जास्त तसा तिटकाराही जास्त. एकाच वेळच्या अनुभवानं आलेला हा तिटकारा कित्येक दिवस टिकला.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ३० राँटगेन म्हणजे आजच्या भाषेत ढोबळमानानं ०.३ ग्रे. कर्करोगाच्या रुग्णाला बाहेरून किरणोपचार देताना एका दिवशी साधारण २ ग्रे देतात, अर्थात ते शरीराच्या एका भागापुरतं. निम्मे उंदीर महिन्याभरात मरतील अशी पूर्ण शरीरावरची मात्रा सात ग्रेच्या आसपास. म्हणजे ०.३ ग्रेनं या उंदरांना बाहेरून काहीही झालेलं दिसत नव्हतं. पण त्यांच्या वागण्यात ते उतरलं होतं.

सगळे विचारत होते, किरण शिकलेलं पुसतात का. उंदीर दाखवत होते की किरणांनी आम्हाला नवीन काहीतरी शिकवलं. अभिजात अभिसंधानाच्या भाषेत किरण इथे अनभिसंधित उद्दीपक झाले, पावलोव्हच्या कुत्र्याच्या तोंडातल्या मांसासारखे. आणि याचा जुन्या प्रयोगांवर उलटा परिणाम झाला. किरण दिल्यावर प्राणी एखाद्या खोलीत जायला, एखादं खाणं बक्षीस म्हणून घ्यायला नकार देत असेल, तर तो विसरला असं म्हणायचं, की त्याला फारच चांगलं आठवतंय असं म्हणायचं? गुणपत्रिकेवर दोन्ही सारखंच दिसतं, कमी गुण. भुलभुलैयाच्या शेवटी ठेवलेल्या दाण्याचा तिटकारा आलेला उंदीर रस्ता माहीत असूनही धावणार नाही. मला वाटतं, या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच आहे: शिकणं वेगळं आणि शिकलेलं करून दाखवणं वेगळं.

आता जरा आसेगावात येऊ. आमच्या वाशीम जिल्ह्यात हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात आणि धान्याच्या कोठीत उंदीर हा कायमचा पाहुणा. त्याच्यासाठी झिंक फॉस्फाइड वापरतात. कृषी विभागाच्या शिफारशीत एक गोष्ट हमखास असते. आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून ठेवा, विष नको. उंदीर बिनधास्त खायला लागले की मग एक दिवस त्यात विष कालवा. असं का? कारण पहिल्याच दिवशी विष ठेवलं तर उंदीर थोडंसं चाखतो, आजारी पडतो, मरत नाही, आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. "एकदा का पोटात दुखलं त्याच्या, मंग तो त्याले शिवत नाई बाप्पा," हे वाक्य आमच्याकडे मनोविज्ञान न शिकलेला कोणताही शेतकरी तुम्हाला सांगेल.

हे नुसतं गावठी शहाणपण नव्हतं, छापीलही होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्नधान्य वाचवण्यासाठी उंदरांवर मोठं संशोधन झालं होतं आणि विष चाखून वाचलेला उंदीर आमिष टाळतो याच्या सविस्तर नोंदी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झालेल्या होत्या. पण ते कीड नियंत्रणवाल्यांचं साहित्य. शिक्षणप्रक्रियेचे सिद्धांत लिहिणारे मानसशास्त्रज्ञ ते वाचत नव्हते. त्यांच्या पाठ्यपुस्तकात दोन नियम होते. एक, उद्दीपक आणि परिणाम यांच्यात काही सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं तर शिकणं होत नाही. दोन, कोणताही उद्दीपक कोणत्याही परिणामाशी जोडता येतो, घंटा काय, दिवा काय, चव काय, सगळं सारखं. विष चाखल्यावर पोट बिघडायला जो वेळ लागतो, त्या वेळात पहिला नियम केव्हाच मोडलेला असतो. उंदीर मात्र तो रोज मोडत होते, वऱ्हाडातही आणि इंग्लंडमध्येही.

गार्सियानं दोन्ही नियमांना हात घातला. कोलिंगबरोबरचा १९६६ चा प्रयोग संशोधन आराखडा शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी कागदावर काढून बघावा, इतका तो सुटसुटीत आहे. उंदीर नळीला जीभ लावतो तेव्हा पाण्याला चव असते, शिवाय प्रत्येक चाटण्याबरोबर दिवा लुकलुकतो आणि टिकटिक आवाज होतो. म्हणजे पाणी एकाच वेळी चवीचं, प्रकाशाचं आणि आवाजाचं. काही उंदरांना नंतर क्ष-किरणांनी किंवा लिथियम क्लोराइडनं आजारी पाडलं. काहींना विजेचा झटका दिला. मग चव वेगळी आणि प्रकाश-आवाज वेगळे करून तपासलं. आजारी पडलेल्यांनी चव टाळली, दिव्याची पर्वा केली नाही. झटका बसलेल्यांनी उलट केलं. पोटात काही झालं तर दोष खाल्लेल्याला, कातडीला काही झालं तर दोष दिसलेल्या-ऐकलेल्याला, अशी वाटणी मेंदूत आधीच करून ठेवलेली असावी.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात चव आणि आजार यांच्यात ७५ मिनिटांचं अंतर ठेवूनही तिटकारा निर्माण होतो हे दाखवलं. पुढच्या वर्षी स्मिथ आणि रोल यांनी क्ष-किरण वापरून हे अंतर बारा तासांपर्यंत ताणलं. इथे किरणांची एक सोय लक्षात घ्या. औषध टोचलं तर सुई टोचल्याचं दुखणं आणि हाताळणी हेही प्रयोगात घुसतात. मंद किरणांना रंग, वास, स्पर्श काही नाही. जे यंत्र अणुयुद्धाच्या तयारीसाठी आणलं होतं, ते शिकण्याच्या अभ्यासाचं नेमकं साधन ठरलं. (हे पूर्ण खरं नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या हंट आणि किमेलडॉर्फ यांनी दाखवलं की तीव्र क्ष-किरण सुरू केले की झोपलेला उंदीर काही सेकंदांत जागा होतो. म्हणजे उंदराला किरणांची चाहूल लागू शकते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

हे निबंध नामांकित नियतकालिकांनी नाकारले. शेवटी ते 'सायकोनॉमिक सायन्स' या तुलनेनं नव्या नियतकालिकात आले. त्या काळी एका विद्वानानं असे निष्कर्ष खरे असण्याची शक्यता म्हणजे कोकिळेच्या घड्याळात पक्ष्याची विष्ठा सापडण्याइतकीच आहे, अशी टिंगल केल्याचं सांगतात. गार्सियानं १९८१ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये नकारांच्या या कारखानदारीवरच एक लेख लिहिला. १९८३ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडला गेला. ही गोष्ट 'हिंमत सोडू नका' छापाची करून सांगायचा मोह मी टाळतो, कारण नाकारलेले बहुतेक निबंध खरंच नाकारण्याजोगे असतात. इथला मुद्दा एवढाच की परीक्षकांनी आकडे चुकीचे आहेत असं दाखवलं नव्हतं. सिद्धांतात बसत नाही म्हणून आकडे खोटे असणार, असा त्यांचा उलटा तर्क होता.

उंदरांबद्दल इतकं. माकडांची गोष्ट जास्त अवघड आहे आणि ती आपल्या देशाशी थेट जोडलेली आहे.

१९५० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रीसस माकडांना पूर्ण शरीरावर क्ष-किरणांच्या मात्रा पुन्हा पुन्हा दिल्या आणि कोडी सोडवायला लावली. भूक मंदावली, काम करायची इच्छा कमी झाली, पण शिकण्याची क्षमता बरीचशी टिकली. पुन्हा तोच भेद: शिकणं आणि करून दाखवणं. सैन्याला मात्र शिकण्यात रस नव्हता. त्यांना विचारायचं होतं, अणुस्फोटानंतर वैमानिक किंवा रणगाड्यातला जवान किती वेळ काम करू शकेल. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे १९६१ मध्ये सैन्यदलांची रेडिओबायोलॉजी संशोधन संस्था सुरू झाली. तिथे माकडांना फिरत्या चाकात किंवा पट्ट्यावर धावायला शिकवलं जाई, थांबलं तर विजेचा झटका. नीट शिकल्यावर अणुभट्टीतून कित्येक हजार रॅडची मात्रा. १०० रॅड म्हणजे १ ग्रे, त्यावरून हिशोब करा. काही मिनिटांत माकड कोसळे, मग थोडं सावरून पुन्हा धावू लागे, आणि काही तासांत किंवा दिवसांत मरे. या कोसळण्याला आणि सावरण्याला शास्त्रीय नाव मिळालं, आलेख निघाले.

रीसस म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. जगभरच्या प्रयोगशाळांना ते भारतातून जात होतं. १९५५ मध्ये, लंडनच्या विमानतळावर माकडं गुदमरून मेल्याच्या घटनेनंतर, भारत सरकारनं निर्यात काही काळ थांबवली. पोलिओच्या लसीसाठी त्यांची गरज होती म्हणून ती पुन्हा सुरू झाली, पण अट अशी की वापर वैद्यकीय संशोधनासाठी आणि लसीसाठीच होईल. १९७७ मध्ये इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग या संस्थेनं बेथेस्डाच्या प्रयोगांची कागदपत्रं भारतापुढे ठेवली. मोरारजी देसाईंच्या सरकारनं निर्यात बंद केली आणि १ एप्रिल १९७८ पासून ती बंदी लागू झाली.

मी स्वतः या प्रयोगांचे आकडे वाचतो तेव्हा अडखळतो. ते आकडे खोटे नाहीत, आजही किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या पुस्तकांत ते वापरले जातात. पण जो प्रश्न विचारला होता तो शिकण्याबद्दलचा नव्हताच. झटक्याच्या भीतीनं मरणारा जीव किती वेळ धावतो, हे त्यातून मोजलं गेलं. गार्सियाच्या ३० राँटगेननं मेंदूबद्दल जितकं कळलं, तितकं या हजारो रॅडनी कळलं असं मला वाटत नाही. तुम्ही पुढेमागे प्राण्यांवर काम करणार असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे अर्ज भरावा लागेल आणि त्यात 'इतकेच प्राणी का, हीच प्रजाती का' हे रकाने येतील. ते कारकुनी काम समजून दुसऱ्याच्या अर्जातून उतरवू नका, एवढंच सांगतो.

मूळ प्रश्नाचं काय झालं? प्रौढ मेंदूत पेशी विभागतच नाहीत हे गृहीतकच नंतर ढासळलं. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यानं उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात याचे पुरावे दिले, आणि त्यावरही बराच काळ कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी जन्मतात, त्या भराभर विभागतात, म्हणून बर्गोनिए-त्रिबोंदोच्या नियमानुसारच किरणांना बळी पडतात. लहान मुलांच्या मेंदूला किरणोपचार देताना डॉक्टर इतके सांभाळून का असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्याकडे किरण आणि ट्रॉम्बे म्हटलं की शेतकऱ्याला आठवतो टीएयू-१ उडीद, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं १९८५ चं वाण. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. प्राण्यांच्या वर्तनावरचं काम मात्र दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत झालं. तिथे गॅमा किरण दिलेल्या उंदरांमध्ये सॅकरिनचा तिटकारा निर्माण करून, लडाखकडच्या सीबकथॉर्न झुडपाच्या पानांचा अर्क आधी दिला तर तो तिटकारा कमी होतो का, हे तपासलं गेलं. १९५५ ची चाचणी इथे मोजपट्टी म्हणून वापरली आहे: उंदराला मळमळतंय का हे विचारता येत नाही, पण तो गोड पाणी सोडतो का हे मोजता येतं.

रुग्णांपर्यंत हे पोचलं ते सिॲटलमधून. १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टाइन हिनं केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर पुन्हा दिलं तेव्हा त्या मुलांनी ते इतरांपेक्षा जास्त वेळा नाकारलं. मळमळ औषधानं येते हे ज्यांना समजत होतं, त्यांनाही हे चुकलं नाही. समजणं वेगळ्या कप्प्यात होतं आणि जिभेनं शिकणं वेगळ्या. मग १९८७ मध्ये ब्रोबर्ग आणि बर्नस्टाइन यांनी युक्ती केली. जेवण आणि औषध यांच्या मध्ये मुलाला एक वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली. तिटकारा बराचसा त्या गोळीवर गेला, रोजचं जेवण वाचलं. आमच्या भागातून उपचारांसाठी नागपूरला किंवा मुंबईला टाटाला जाणाऱ्यांच्या घरी जायच्या दिवशी हटकून आवडीचं करून डब्यात देतात, पुरणपोळी, नाहीतर भरली वांगी. ते डबे दुसऱ्या दिवशी द्यावेत आणि त्या दिवशी साधं काहीतरी.